लॉगिनला तीन-चार मिनिटं लागतात, ग्रुप पॉलिसी नेमकी कुठे अडते ते कसं शोधायचं?

कळफलक

दीडशेच्या आसपास मशिन, विंडोज १० आणि ११ ची सरमिसळ, दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे आणि पॉलिसी देणारे सर्व्हर, थोडक्यात डीसी), दोन्ही सर्व्हर २०१९ वर. सकाळी ऑफिस उघडलं की फोन सुरू होतात. पासवर्ड टाकला की स्क्रीनवर गोल फिरत राहतं. काहींना तीन मिनिटं, काहींना त्याहून जास्त. एकदा डेस्कटॉप आला की मग दिवसभर मशिन व्यवस्थित चालतं, कसलीही तक्रार नाही.

त्रास सगळ्यांना नाही हे विशेष. नव्याने भरती झालेल्यांचं बरं चाललंय, लेखा आणि खरेदी विभागातली जुनी मंडळी वैतागलीत. त्यांची मशिन जुनी म्हणून असेल असं वाटलं, तर एकाला एसएसडीवालं नवं कोरं मशिन देऊन पाहिलं. फरक शून्य.

जीपीअपडेट /फोर्स (पॉलिसी पुन्हा लावायची कमांड) मारून झालं, टेम्प फोल्डर साफ करून झालं, एकाचं प्रोफाइल उडवून नवं बनवलं. आमच्या साहेबांचं म्हणणं आहे की चाळीस जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशिनना लागणाऱ्या सेटिंगांचे संच) फार झाले, ते एकत्र करून पाच-सहावर आणा म्हणजे वेग येईल. ते काम हातात घेण्याआधी विचारतोय. दोष पॉलिसीचाच आहे हे ओळखायचं कसं?

रात्रपाळी

डीएनएस बघा.

चेष्टा नाही करत. एखाद्या क्लायंटवर आयपीकॉन्फिग /ऑल मारा आणि दुसरा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) कोणता दिलाय ते बघा. बऱ्याच ठिकाणी पहिला डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा इंटरनेटवरचा सार्वजनिक, "चुकून डीसी बंद पडला तर नेट तरी चालू राहील" म्हणून. पहिल्याने उत्तराला जरा उशीर केला की क्लायंट दुसऱ्याकडे जातो. त्या बिचाऱ्याला तुमच्या आतल्या डोमेनचा पत्ता नाही, तो सांगतो असं नावच अस्तित्वात नाही, आणि क्लायंट ते खरं मानून बसतो. दोन्ही डीएनएस आतलेच हवेत. बाहेरची नावं सोडवायचं काम सर्व्हरवरच्या फॉरवर्डरने करावं.

शून्यवाटप

साहेब बरोबर बोलतायत. प्रत्येक जीपीओ म्हणजे सिसव्हॉलमधून, म्हणजे डीसीवरच्या सामायिक फोल्डरमधून, एक वेगळी फाइल वाचणं. चाळीस म्हणजे फारच. शिवाय "ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क अ‍ॅट कम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन" ही सेटिंग कोणीतरी चालू करून ठेवली असणार, ती बंद करा. आमच्याकडे तेवढ्याने निम्मा वेळ वाचला.

निळा पडदा

कळफलक, काहीही बदलण्याआधी मोजा. लॉगिनचा वेळ म्हणजे एकच गोष्ट नसते. डीसी शोधणं, पासवर्ड तपासणं, प्रोफाइल चढवणं, पॉलिसी लागू करणं, स्क्रिप्ट, मग एक्सप्लोरर उघडणं, असं सगळं त्यात येतं. गोल फिरताना दिसतं आणि आपण पॉलिसीला शिव्या घालतो.

एका त्रासलेल्या माणसाचं मशिन घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुप पॉलिसी, ऑपरेशनल इथपर्यंत जा. त्या लॉगइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही आणि तरी लोक तो उघडत नाहीत. ४००१ क्रमांकाची नोंद म्हणजे युजर लॉगऑनची पॉलिसी सुरू झाली, ८००१ म्हणजे संपली, आणि ८००१ च्या मजकुरातच एकूण किती सेकंद लागले ते लिहिलेलं असतं. मशिन सुरू होतानाच्या पॉलिसीसाठी हीच जोडी ४००० आणि ८००० अशी. मधल्या ५३२६ मध्ये डोमेन कंट्रोलर सापडायला किती मिलिसेकंद गेले ते मिळतं. रात्रपाळींचा डीएनएसचा संशय खरा असेल तर तो आकडा फुगलेला दिसेल, नसेल तर डीएनएस सोडून पुढे चला.

सगळ्यात कामाचा ५०१६. पॉलिसी लागू करणारा प्रत्येक घटक, म्हणजे क्लायंट साइड एक्सटेन्शन, आपलं काम संपवताना ही नोंद टाकतो आणि स्वतःचा वेळ सांगतो. इशाऱ्यासकट संपलं तर ६०१६, त्रुटीसह संपलं तर ७०१६. रजिस्ट्री, सिक्युरिटी, ड्राइव्ह मॅप, प्रिंटर, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. एकाच वेळी दोन-तीन फेऱ्यांच्या नोंदी मिसळलेल्या दिसल्या तर अ‍ॅक्टिव्हिटी आयडीवर गाळणी लावा, म्हणजे एकाच लॉगिनची गोष्ट सलग वाचता येईल.

एवढा खटाटोप नको असेल तर अ‍ॅडमिन म्हणून जीपीरिझल्ट /एच देऊन अहवाल काढा. त्यात कम्पोनंट स्टेटस नावाचा तक्ता येतो, तिथेही घटकवार वेळ असतो. जुनं आरएसओपी डॉट एमएससी वापरू नका, त्याला प्रेफरन्सेसचं (ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे जोडून देणारा पॉलिसीचा भाग) काही दिसत नाही.

आता जीपीओ एकत्र करण्याबद्दल. शून्यवाटप, तुमच्या मताचा आदर आहे, पण संख्येने एवढा फरक पडत नाही. क्लायंट प्रत्येक जीपीओचा व्हर्जन क्रमांक बघतो आणि यादीत काही बदललं नसेल तर बहुतेक घटक काम टाळतात. जीपीओत काय भरलंय यावर वेळ ठरतो. रजिस्ट्रीच्या सेटिंगांनी भरलेले चाळीस जीपीओ एका मेलेल्या प्रिंट सर्व्हरपेक्षा लवकर संपतील. आणि एकत्र केल्यावर कोणती सेटिंग कोणासाठी, कधी, का घातली होती हे शोधताना पुढच्या अ‍ॅडमिनचं काय होईल ते वेगळंच.

शून्यवाटप

मग आमचा वेळ वाचला तो कसा?

निळा पडदा

सेटिंगमुळेच. "नेटवर्कसाठी थांबा" बंद असेल तर विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्त्या जलद लॉगऑनच्या पद्धतीने चालतात. एक्सपीपासून हेच आहे. युजरला आत घेतात आणि पॉलिसी मागच्या मागे लावत राहतात. पॉलिसीला वेळ तेवढाच लागतो, फक्त माणूस तिच्यासाठी ताटकळत नाही. किंमत अशी की सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन आणि फोल्डर रीडायरेक्शन (डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर सर्व्हरकडे वळवणं) अशा मागच्या मागे होऊ शकत नाहीत, त्यांचा बदल दिसायला एकाऐवजी दोन लॉगिन लागू शकतात. त्याच वैतागातून कोणीतरी ती सेटिंग चालू करतं आणि मग सगळं ऑफिस सकाळी चक्राकडे बघत बसतं. बंद करायला माझी हरकत नाही, परिणाम माहीत असू द्या.

कळफलक

आकडे आणले. लेखा विभागातल्या एका बाईंच्या मशिनवरून, त्यांच्याच खात्याचे.

डीसी सापडायला शंभर मिलिसेकंदसुद्धा नाहीत, म्हणजे डीएनएस सुटला. क्लायंटवर दोन्ही डीएनएस आतलेच आहेत हेही पाहिलं. ८००१ म्हणतो ५२ सेकंद. त्यातले ४१ एकट्या ग्रुप पॉलिसी प्रिंटर्सचे, बाकी घटक एक-एक, दोन-दोन सेकंदांत उरकले.

पण घड्याळ लावून पाहिलं तर लॉगिनला तीन मिनिटं दहा सेकंद गेले. ५२ पॉलिसीचे, मग वरचे सव्वादोन मिनिटं कुठे गेले? "नेटवर्कसाठी थांबा" आमच्याकडे चालू होतं. बंद केलं, मशिन दोनदा सुरू केलं. नव्या मुलांचं लॉगिन अजून पटकन व्हायला लागलं. या बाईंचं जसंच्या तसं.

जुनी तार

आधी प्रिंटरचं मिटवून टाका, ते सोपं आहे. जीपीओत प्रेफरन्सेसमधून प्रिंटर दिलेत ना? अ‍ॅक्शन काय ठेवलीय? रिप्लेस असेल तर दर वेळी आधीचा प्रिंटर काढून नवा जोडला जातो, ड्रायव्हरची विचारपूस पुन्हा पहिल्यापासून. अपडेट करा. रिप्लेसने युजरने निवडलेला डिफॉल्ट प्रिंटरही जातो, त्याच्या तक्रारी वेगळ्या येत असतील.

दुसरं, यादीतला प्रत्येक प्रिंटर जिवंत आहे का ते बघा. तिसरं, ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर पॉइंट अँड प्रिंटने (प्रिंट सर्व्हरवरून ड्रायव्हर आपोआप घ्यायची सोय) ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, प्रिंटनाइटमेअर या सुरक्षा त्रुटीच्या भानगडीमुळे. साधा युजर लॉगिन करतो, ड्रायव्हर आधीपासून नसतो, मशिन प्रयत्न करतं, हरतं, पुढच्या लॉगिनला पुन्हा तेच. लॉगमध्ये ६०१६ किंवा ७०१६ दिसतायत का? दिसत असतील तर ड्रायव्हर मशिनवर आधीच बसवून ठेवायची सोय करा. ती अधिकाराची अट रजिस्ट्रीतून काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते भोक मुद्दाम बुजवलेलं आहे.

रात्रपाळी

डीएनएस नाही निघालं, ठीक आहे, मान्य. 🙂

एक वेगळी शक्यता टाकून ठेवतो, तुमच्याकडे नसली तरी दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. जीपीओवर डब्ल्यूएमआय फिल्टर (मशिनची माहिती तपासून पॉलिसी लावायची की नाही ते ठरवणारी अट) असेल आणि त्यात विन३२ प्रॉडक्ट या क्लासला विचारलं असेल, म्हणजे "अमुक सॉफ्टवेअर बसवलंय का" वगैरे, तर तो फिल्टर तातडीने काढा. त्या क्लासला विचारणं म्हणजे मशिनवरच्या प्रत्येक एमएसआय पॅकेजची तपासणी सुरू करणं. नुसतं वाचत नाही तो, बिघडलेलं काही दिसलं तर दुरुस्त करायलाही घेतो. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआय इन्स्टॉलरच्या १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली दिसली की समजायचं. तेच काम रजिस्ट्रीतली एखादी की किंवा एखादी फाइल तपासून क्षणात होतं.

निळा पडदा

उरलेल्या सव्वादोन मिनिटांसाठी ग्रुप पॉलिसीचा लॉग बंद करा, त्याने आपली साक्ष दिली. आता अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगऑनच्या ६००५ आणि ६००६ नोंदी शोधा. अमुक सबस्क्रायबर (लॉगिनमध्ये भाग घेणारा घटक) फार वेळ घेतोय असं त्या सांगतात. नाव जीपीक्लायंट आलं तर पॉलिसी, प्रोफाइल्स आलं तर प्रोफाइल.

दुसरा उपाय, पडद्यावरच बोलतं करा. "डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस" ही पॉलिसी त्या मशिनला लावा. मग नुसतं वेलकम न दिसता, आत्ता काय चाललंय ते ओळीओळीने दिसतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि कोणती ओळ रेंगाळते ते बघा. लॉग वाचण्यापेक्षा हे कधीकधी जास्त उपयोगी पडतं.

आणि रोमिंग प्रोफाइल (सर्व्हरवर ठेवलेली, माणूस बसेल त्या मशिनवर येणारी) आहेत का हो? ते तर विचारायचंच राहिलं.

कळफलक

रोमिंग प्रोफाइल नाहीत, सगळी लोकल. प्रिंटरचं जुनी तार म्हणाले तसंच निघालं: रिप्लेस, आणि यादीतले दोन प्रिंटर कधीच भंगारात गेलेले. अपडेट केलं, ते दोन काढले. आता ८००१ म्हणतो ११ सेकंद. पण लॉगिन अजून अडीच मिनिटांच्या वरच.

एक प्रयोग केला. त्या बाईंच्या मशिनवर माझं चाचणीचं नवं खातं, त्यांच्याच ओयूमध्ये (डिरेक्टरीतला खात्यांचा कप्पा), त्यांच्याच ग्रुपांसकट. वीस सेकंदांत डेस्कटॉप. मग त्या बाईंना नव्या मुलाच्या मशिनवर बसवलं. पुन्हा तीच रखडपट्टी. म्हणजे मशिन नाही, ओयू नाही, पॉलिसीही नाही. खात्यालाच काहीतरी चिकटलंय.

जुनी तार

आता सापडलंच समजा. त्या खात्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर नेट युजर, पुढे खात्याचं नाव, पुढे /डोमेन असं द्या. लॉगऑन स्क्रिप्ट आणि होम डिरेक्टरी या दोन ओळींपुढे काय येतंय ते इथे टाका, सर्व्हरचं नाव झाकून.

कळफलक

स्क्रिप्ट रिकामी. होम डिरेक्टरीपुढे एका जुन्या फाइल सर्व्हरचा मार्ग. तो सर्व्हर मी इथे रुजू होण्याआधीच बंद झालाय! त्याचं नाव पिंग केलं तर आयपी येतो, उत्तर नाही. नव्या मुलांच्या खात्यात ही ओळ रिकामी.

जुनी तार

सापडला चोर. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी युजर्समध्ये खात्याच्या प्रोफाइल टॅबवर जो होम फोल्डर असतो, तो हाच. ही ग्रुप पॉलिसी नव्हे, खात्याचा गुणधर्म आहे, म्हणून जीपीरिझल्टच्या अहवालात त्याचं नावनिशाण नसतं आणि माणूस जीपीओ उलटेपालटे करत बसतो.

सर्व्हर बंद केला पण डीएनएसमधली नोंद राहिली, इथे घोळ झाला. नाव सापडलंच नसतं तर क्लायंटने बऱ्यापैकी लवकर नाद सोडला असता. नाव सापडतं, पत्ता मिळतो, पण त्या पत्त्यावर राहतंय कोण? क्लायंट जोडणीची विनंती पाठवतो, वाट बघतो, पुन्हा पाठवतो. एकेका प्रयत्नात वीसेक सेकंद सहज जातात आणि लॉगिनच्या ओघात असे प्रयत्न एकापेक्षा जास्त होतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांपैकी काही त्या ड्राइव्हकडे वळवलेलं असेल तर एक्सप्लोररही तिथेच डोकं आपटतो.

आणि "नेटवर्कसाठी थांबा" बंद करूनही बाईंना फरक का पडला नाही, त्याचंही उत्तर यातच आहे. ज्या खात्याला होम डिरेक्टरी, रोमिंग प्रोफाइल किंवा खात्यावरच लिहिलेली लॉगऑन स्क्रिप्ट असते, त्याच्यासाठी विंडोज जलद लॉगऑन वापरत नाही. सेटिंग काहीही असो, नेटवर्कसाठी थांबतंच. म्हणून सेटिंग बंद झाल्यावरही जुन्या लोकांना प्रिंटरचे ४१ सेकंदही पूर्ण भोगावे लागत होते आणि नव्या मुलांचे तेच प्रिंटर मागच्या मागे लागत होते.

शून्यवाटप

हे मलाही माहीत नव्हतं. आमच्याकडे थोड्या लोकांना फरक पडला नव्हता, ते बहुधा हेच. उद्या बघतो.

कळफलक

झालं! गेट-एडीयुजर या पॉवरशेल कमांडने होम डिरेक्टरी भरलेल्या सगळ्या खात्यांची यादी काढली, साठच्या वर निघाली. त्यातली थोडी नव्या सर्व्हरकडे दाखवत होती, ती तशीच ठेवली. बाकीच्यांची ओळ रिकामी केली आणि डीएनएसमधली जुनी नोंदही काढली. त्या बाई आज २५ सेकंदांत आत.

साहेबांना जीपीओच्या संख्येबद्दल काय सांगू?

निळा पडदा

अहवाल दाखवा. आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. जीपीओ चाळीसच आहेत हे त्यांना स्वतः मोजू द्या.

एक काम मात्र करून घ्या. मेलेला सर्व्हर एकाच जागी लिहिलेला असतो असं सहसा होत नाही. ड्राइव्ह मॅपच्या प्रेफरन्सेस, लॉगऑन स्क्रिप्टमधल्या नेट यूजच्या ओळी, फोल्डर रीडायरेक्शन, वॉलपेपरचा मार्ग, शॉर्टकट, सगळीकडे त्याचं नाव शोधा. सिसव्हॉलमधले पॉलिसी फोल्डर साध्या मजकूर-शोधाने चाळता येतात, प्रेफरन्सेस एक्सएमएल फाइलीतच असतात. तिथे चाळताना सीपासवर्ड असा शब्द असलेली फाइल भेटली तर ती लगेच काढा आणि तो पासवर्ड बदला. तो उलगडायची किल्ली जगजाहीर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये तिथे नवे पासवर्ड ठेवायची सोय बंद केली, पण जुने आपोआप पुसले गेले नाहीत.

अर्धविराम

चांगली चर्चा. माझा प्रश्न उलटा आहे: लॉगिन झटपट होतं, पण एक युजर पॉलिसी लागतच नाही. सिक्युरिटी फिल्टरिंगमध्ये (पॉलिसी कोणाला लागावी याची यादी) फक्त त्या विभागाचा ग्रुप ठेवलाय, ऑथेंटिकेटेड युजर्स काढून टाकले. ग्रुपमध्ये माणसं आहेत, लिंक बरोबर ओयूला आहे. जीपीरिझल्टमध्ये ही पॉलिसी नाकारलेल्यांत दिसते.

निळा पडदा

अर्धविराम, डेलिगेशन टॅबवर जा आणि ऑथेंटिकेटेड युजर्सना फक्त रीड द्या, अप्लाय देऊ नका. ते नको असेल तर डोमेन कम्प्युटर्सना रीड द्या. जून २०१६ च्या एमएस१६-०७२ या अपडेटपासून युजर पॉलिसीसुद्धा मशिनच्या खात्याने वाचली जाते. मशिनला जीपीओ वाचायचा अधिकारच नसेल तर युजर ग्रुपमध्ये असून उपयोग नाही. लागू कोणाला होणार हे तुमच्या ग्रुपच्या अप्लायवरच ठरेल, त्यामुळे इतरांना लागेल अशी भीती नको.

अर्धविराम

रीड दिलं, लागली. आभार!

पायरी

शाखेतल्या मशिनबद्दल कोणी सांगेल का? आमच्या एका शाखेत स्वतःचा डोमेन कंट्रोलर आहे, तरी तिथली लॉगिन मुख्य ऑफिसपेक्षा कितीतरी मंद.

रात्रपाळी

तिथल्या क्लायंटवर एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी: आणि पुढे डोमेनचं नाव द्या. बहुतेक मुख्य ऑफिसचा डीसी उत्तर देताना दिसेल. साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये शाखेचा सबनेट (तिथल्या आयपी पत्त्यांचा गट) नोंदवलाय का? नवा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) टाकताना नेटवर्कवाले सबनेट बनवतात आणि आपल्याला सांगायचं विसरतात. सबनेट कुठल्याच साइटला जोडलेला नसेल तर क्लायंटला जवळचा डीसी कोणता ते कळत नाही, कोणीही भेटला तरी चालतो. डीसीच्या विंडोज फोल्डरमध्ये डिबगखाली नेटलॉगऑनची लॉग फाइल असते. तिच्यात नो क्लायंट साइट म्हणून अशा अनाथ आयपींची यादीच मिळते.

पायरी

सबनेट नव्हताच! जोडला. आता शाखेचाच डीसी उत्तर देतोय. आणखी एक, घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्यांचं लॉगिन पटकन होतं पण ड्राइव्ह मॅप करणारी लॉगऑन स्क्रिप्ट चालत नाही. हा याच विषयात येतो का?

जुनी तार

येतो. ते लॉगिन मशिनमध्ये साठवलेल्या ओळखीवर होतं, त्या क्षणी व्हीपीएन जोडलेलंच नसतं. डीसी दिसत नाही, म्हणून सिसव्हॉलमधली स्क्रिप्ट तरी कुठून येणार? व्हीपीएन जोडल्यावर पार्श्वभूमीची पॉलिसी येते, साधारण ९० मिनिटांनी आणि त्यावर अर्ध्या तासापर्यंतची भर, पण लॉगऑन स्क्रिप्ट त्या फेरीत चालत नाहीत. जोडणी ५०० केबीपीएसच्या खाली मोजली गेली तर स्लो लिंक समजून सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन आणि फोल्डर रीडायरेक्शनही वगळलं जातं.

तुमच्या व्हीपीएनमध्ये लॉगिनच्या आधी जोडायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर स्क्रिप्ट सोडा आणि ड्राइव्ह मॅप प्रेफरन्सेसमध्ये हलवा, किंवा तीच स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरला देऊन "नेटवर्क जोडलं गेलं" या इव्हेंटवर चालवा. त्यात ड्राइव्ह आधीच जोडलेला असेल तर गप्प बाहेर पडायची अट घाला. ती नसली तर वायफाय तुटून परत जोडलं की दर वेळी काळी खिडकी चमकून जाते आणि लोक व्हायरस आला म्हणून फोन करतात.